मामाचे फिडल आणि तीन गज

माझ्या मामाचे फिडल, म्हणजे व्हायोलिन, मामीच्या देवघरात, देव्हाऱ्याच्या डाव्या अंगाच्या फळीवर ठेवलेले असे. काळी लांबट पेटी, तिच्यात ते वाद्य आणि त्याचे तीन गज. गज म्हणजे घोड्याच्या शेपटीचे केस ताणून बसवलेली दांडी. ती तारांवर घासली की फिडल बोलते. दोन गज पेटीच्या झाकणाला अडकवलेले होते आणि तिसरा मामाच्या जुन्या उपरण्यात गुंडाळून तळाशी ठेवलेला. मामा वारल्यापासून सात वर्षे ते वाद्य कोणी वाजवले नव्हते. मामी मात्र दर खंडेनवमीला पेटी उघडून त्याची पूजा करीत असे.

मामा तरुणपणी काही वर्षे गोव्यात एका पेढीवर नोकरीस होता. तिथल्या एका चर्चमध्ये गाणे-बजावणे शिकवणाऱ्या वृद्ध गुरूपाशी तो फिडल शिकला. पुढे मुंबईस नोकरी करून तारकर्लीस घरी परतल्यावर दर कार्तिकात देवळातल्या भजनी सप्ताहाला तो मृदंगाच्या मागे खांबाला टेकून बसे आणि सातही दिवस अभंगांना साथ करी. त्याचे बोट कधी चुकले असे मला आठवत नाही. अर्थात मला त्यातले फारसे कळतही नव्हते. माझा जन्म संस्कृत पाठशाळेत आणि पुढे मालवणच्या शाळेत मुलांना शब्दरूपे शिकवण्यात गेला; अधूनमधून ओळखीच्यांची अंत्यकर्मे आणि श्राद्धेही चालवीत असे.

१९५९ च्या सुमारास मामीने मला निरोप धाडून बोलावून घेतले. तिने देवापाशी शब्द दिला होता की आपले डोळे मिटण्यापूर्वी फिडल देवळाला वाहीन. ते वाहण्याची वेळ आली तेव्हा तिच्या दिराने, म्हणजे मामाच्या धाकट्या भावाने, ओटीवर बसून तिला ऐकवले होते, "वहिनी, कसलो गुरू आणि कसलां काय! दादान तां मुंबयच्या जुन्या बाजारात शेराच्या भावान घेतल्यान आणि तुका गजाल सांगल्यान. तू आपली तेका फुलां घालतंस!"

हे मामीने मला जसेच्या तसे सांगितले. मग देव्हाऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "तेंनी माका सांगलेलां, ह्यां माझ्या गुरून दिलां. आता तां खरां की खोटां, तू बघ. खोट्या गजालीवरची वस्तू मी देवाक देवचंय नाय. आणि न देता मेलंय तर शब्द मोडतलो."

"मामी, मला फिडलातले काय कळते?"

"तुका जुन्यो पोथ्यो वाचूक येतत. ह्येच्या पोटात कायतरी लिवलेलां आसा. तां वाच."

संस्कृत शिकलेल्याला जगातली कोणतीही जुनी लिपी वाचता येते, अशी तिची श्रद्धा होती. ती मोडण्याचे धैर्य मला झाले नाही. मी होकार दिला, आणि दिलेला होकार निभावायचा असतो एवढे शिक्षण माझ्यापाशी होते. मामीने अट मात्र घातली: फिडल घराबाहेर जायचे नाही.

दुसऱ्या रविवारी स्नान करून, सोवळ्यातच, मी पेटी उघडली. खोबरेल तेलाचा आणि वाळल्या फुलांचा वास आला. चारही तारा सैल लोंबत होत्या. सुतकात वाद्य वाजू नये म्हणून मामीने त्या मामाच्या मृत्यूच्या दिवशीच उतरवल्या होत्या आणि पुन्हा कोणी चढवल्या नव्हत्या. फिडलाच्या छातीवर नागमोडी आकाराच्या दोन फटी असतात. त्यांपैकी एकीतून आत पाहिले तर अंधारात पांढरे काही दिसले. हलवले तर आत खुळखुळले.

"आतमध्ये काय आहे?"

"अक्षता," मामी म्हणाली. "पूजेच्या. त्या फटीतसून आत पडतत."

सात वर्षांच्या अक्षता मी केळीच्या पानावर उलट्या केल्या. तांदळाचे दाणे, तुळशीची काळी पडलेली पाने, कुंकवाचे खडे, आणि त्यांतच पेन्सिलीच्या तुकड्याएवढी एक बारीक गोल काडी. ते सारे निर्माल्य मी पानातच बांधले आणि परत जाताना कर्लीच्या खाडीत विधिपूर्वक सोडले. त्या काडीविषयी मला एकदाही शंका आली नाही, हे इथे नमूद करून ठेवतो.

आता आतली चिठ्ठी वाचण्यासाठी उजेड हवा होता. मी आरसा मागितला. मामी माजघरात गेली आणि कुंकू-फणी ठेवायची आपली फणेरपेटी घेऊन आली. मामा गेल्यापासून ती पेटी उघडली गेली नव्हती. झाकणाच्या आतला आरसा तिने पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला. "धर. ह्येचो दुसरो उपयोग आता नाय." त्या आरशाने खिडकीतले ऊन मी फिडलाच्या पोटात पाडले. चिठ्ठी रोमन अक्षरांत छापलेली होती. इंग्रजी शाळेत काही वर्षे गेली असल्यामुळे अक्षरे लागली, भाषा लागली नाही. एक नाव होते, एका गावाचे नाव होते, आणि वर्षाचे पहिले दोन आकडे छापून पुढचे दोन शाईने लिहिलेले होते. त्या हिशेबाने वाद्य दोनशे वर्षांपूर्वीचे ठरत होते. मी सारे जसेच्या तसे कागदावर उतरवून घेतले.

मामीला इतकेच सांगितले की लेख मिळाला आहे, अर्थ मिळायचा आहे. तिचा चेहरा उजळला. त्या उजळण्याचेच मला पुढे सर्वांत अधिक भय वाटले.

मे महिन्याच्या सुट्टीत बोटीने मुंबईस गेलो. वाद्ये विकणाऱ्या एका जुन्या दुकानात जाऊन मालकांपुढे माझा कागद ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद पाहिला आणि हसून गल्ल्याखालचा एक खण उघडला. आत तशाच चिठ्ठ्या होत्या.

"मास्तर, हे नाव इटलीतल्या फार मोठ्या कारागिराचं. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या कारखान्यांनी हजारोंनी छापून आपल्या मालाला चिकटवल्या. सगळी त्यानंच केलेली असती तर त्याला जेवायलाही वेळ मिळाला नसता. वाद्य आणलंय?"

"ते घराबाहेर निघत नाही."

"बरंय. मग घरीच पाहा. काठाच्या कडेनं एक दुहेरी काळी रेघ असते. चांगल्या वाद्यात ती लाकडात खाच पाडून बसवलेली असते, स्वस्तात नुसती शाईनं ओढलेली. आणि गज किती आहेत?"

"तीन."

"ते नीट पाहा. लोक फिडलावर जीव टाकतात आणि गज अडगळीत फेकतात. कधी कधी पेटीतली सगळ्यात चांगली वस्तू तीच असते."

परतीच्या बोटीत मी दोन दिवसांच्या शिदोरीला हात लावला नाही. पाठशाळेत न्यायशास्त्र शिकताना प्रमाणे, म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याची साधने, घोकली होती; त्यांतली मुख्य ही: जे डोळ्यांनी दिसते ते, जे त्यावरून अनुमानता येते ते, आणि विश्वासू माणसाचा शब्द. त्या चिठ्ठीला मी शब्दप्रमाण समजून चाललो होतो. शब्द देणारा विश्वासू आहे की नाही, हे विचारायचेच राहिले होते. विद्यार्थ्याने केली असती तर ही चूक मी खपवून घेतली नसती.

घरी येऊन काठाची रेघ पाहिली. एका कोपऱ्यावर मामी दर वर्षी तेलाचे फडके फिरवीत असे. तिथे ती रेघ पुसट होऊन गेली होती. बसवलेली असती तर पुसली गेली नसती. तिच्या भक्तीनेच फिडलाची खरी जात उघडी केली होती. वाद्य कारखान्याचे होते. म्हणजे दिराचे म्हणणे खरे ठरण्याच्या बेतात आले होते.

त्या दिवशी मामीने विचारले, "काय म्हणता लेख?" मनात आले, सांगून टाकावे की दोनशे वर्षांचे आहे, ती देवाला वाहील, सुखाने डोळे मिटेल. हा विचार मला देव्हाऱ्यासमोर बसलेला असताना आला, याची लाज अजून वाटते. मी म्हणालो, "मामी, लेख खोटा आहे. वस्तू अजून पुरती तपासली नाही. गज राहिलेत."

"गज?" ती म्हणाली. "तेंचां काय बघूचां? काठयो त्यो."

पण गज पारखणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते. सोनाराचा काटा आणून मी ते तोलून पाहिले. पेटीतला जाड गज साडेसहा तोळे भरला. उपरण्यातला पाचाहून थोडासाच अधिक, आणि हातात धरला की तो त्याहूनही हलका वाटे. यापलीकडे मला काही समजले नाही. समजणारा एकच माणूस जवळपास होता. मालवणच्या चर्चमध्ये सत्तरी उलटलेले एक गृहस्थ फिडल वाजवीत. चर्चमध्ये संगीत शिकवणाऱ्याला गोव्याकडे 'मेस्त' म्हणतात, आणि आम्हीही त्यांना मेस्तच म्हणत असू. मी त्यांच्याशी रस्त्यात बोलत असे; पण देवघरातली वस्तू त्यांच्या हाती द्यायची, हे मामीला रुचणार नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही सहजी रुचत नव्हते. आमच्या सोवळ्याची सवय फार खोल होती. महिनाभर मी तो विषय टाळला. मग एका सकाळी संध्या आटोपल्यावर मनाशी ठरवले की सत्य ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडे जाणे हाही आचारच आहे, आणि मामीला तसे स्पष्ट सांगितले.

ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "तेंचो गुरू कोण होतो? चर्चमधलोच ना? मगे येवंदे तेका. देवघरात नको, ओटीवर पाट घालतंय."

मेस्त स्वतःचे फिडल घेऊन आले. बाहेरच वहाणा काढल्या, ओटीवर पाटासमोर बसले, पेटीला हात लावण्यापूर्वी छातीवर क्रूस केला. माजघराच्या दारात उभी असलेली मामी माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "तो पण नमस्कार करता रे."

फिडल त्यांनी एकदाच उलटेपालटे केले. "जर्मन कारखान्याचां. वायट नाय. लाकूड बरां आसा." मग फटीतून आत पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मास्तरानू, ह्येचो आल्म खंय?"

मी गोंधळलो. त्यांनी समजावले. फिडलाच्या छाती आणि पाठीच्या मध्ये एक बारीक गोल काडी उभी बसवलेली असते. ती नुसत्या दाबाने उभी राहते. तारा फार काळ सैल पडल्या तर पडते. तीच आवाज आतून पाठीपर्यंत नेते, आणि पोर्तुगीज भाषेत तिला 'आल्म', म्हणजे आत्मा, म्हणतात.

केळीच्या पानातली ती काडी माझ्या डोळ्यांपुढे आली. मी जे केले होते ते खालच्या आवाजात सांगितले.

मेस्तनी फिडल खाली ठेवले. "आत्मो खाडयेत सोडलास?"

"मगे सुटलो तो," मामी दारातून म्हणाली. "आमचो मास्तर मेलेल्यांचां करता, आता फिडलाचांय केल्यान!"

मेस्तना हसता हसता ठसका लागला. काडी नवी करता येईल, असे सांगून त्यांनी गज हाती घेतले. आपल्या फिडलावर जाड गज ओढून पाहिला. आवाज नाही, अळवाच्या पानावरून पाणी घसरावे तसा तो तारेवरून घसरत गेला. त्यांनी केस नाकाशी नेले.

"बाये, ह्येका तेल घातलंस?"

"दर खंडेनवमीक. तिन्ही गजांक. केसांक तेल नको?"

"अगो, केस खरे, पण घोड्याचे! ह्येंका तेल लागलां काय आवाज मेलो. ह्येंका राळ होयी, राळ!"

मामीचे हसू मावळले. ती हळूच म्हणाली, "म्हणजे सात वर्सां मीच तेंचो आवाज बंद करून ठेवलंय."

मेस्तही गंभीर झाले. "केस बदलूक येतत, बाये. लाकडाक कायेक झालां नाय."

जाड गज त्यांनी बाजूला ठेवला. दुसऱ्याचे टोक मोडून दोऱ्याने बांधलेले होते. तोही बाजूला गेला. मग उपरणे सोडले. तांबूस काळपट, आठ पैलूंची दांडी, मुठीपाशी चांदी. त्यांनी सुतार फळी पाहतो तसा एक डोळा मिटून ती लांबीत पाहिली, एका बोटावर तोलली, टोक चटईवर टेकून जरा दाबली. दांडी वाकली आणि जिवंत वस्तूसारखी परत आली.

"ह्यां ब्राझीलचां लाकूड. मुठीकडे कारागिराचां नाव होतां, पण बोटांनी खाल्ल्यानी. माका लागणा नाय, आणि मी उगाच कोणाचां नाव घेवचंय नाय. पण असो गज मी जल्मात दोनदा धरलंय."

मग ते मुठीचे काळे लाकूड उन्हात धरून पाहत राहिले. त्यावर अंगठ्याच्या झिजेने पडलेली एक खोल खळी होती. मेस्तनी आपला अंगठा तिच्यात ठेवला. तो नेमका बसला. "हयसर आंगठो ठेवूक आमका लहानपणी छडी मारून शिकयत. चर्चच्या मेस्ताचो हात ह्यो. तीस-चाळीस वर्सांचो." मग अंगठा काढून त्यांनी शेजारीच असलेली दुसरी, उथळ, तिरकी खळी मला दाखवली. "पण ही कोणाची? असो वाकडो गज कोण धरता?"

मामी उंबरा ओलांडून ओटीवर आली. परक्या पुरुषासमोर ती इतकी पुढे आलेली मी कधी पाहिली नव्हती.

"तेंचो आंगठो वाकडो होतो. लहानपणी नारळ सोलताना कोयतो लागलो. पेन पण तसांच धरीत."

मेस्तनी ती तिरकी खळी पुन्हा बोटाने चाचपली. मग तीच पुढे म्हणाली, "ह्यो गज ते फक्त सप्ताहाक काडीत. वर्सभर तो जाडो. आणि काडल्यावर पयलो कपाळाक लावीत. माका वाटा, फिडलाक नमस्कार करतत."

मेस्त गेल्यावर तिने मला समोर बसवले. "आता सांग. काय खरां, काय खोटां."

मी जेवढे ठाऊक होते तेवढेच सांगितले. चिठ्ठी खोटी, ती मामाने चिकटवली नाही, वाद्याबरोबरच आलेली. फिडल कारखान्याचे, ते मुंबईच्या बाजारात घेतलेले असू शकेल. गज मात्र फार चांगला, आणि तो आधी कोण्या चर्चच्या शिक्षकाच्या हातात वर्षानुवर्षे होता. तो मामाचा गुरूच, याला पुरावा नाही. असे अनुमान मात्र करता येते: ज्याला खोटे मिरवायचे असते तो चिठ्ठी दाखवतो, मामाने ती कधी कोणाला दाखवली नाही. आणि जो गज कोणी पाहत नव्हते तो त्याने आपल्या उपरण्यात ठेवला, वर्षातून सात दिवस काढला आणि कपाळाला लावला. माणसाचे वागणे हीही त्याच्या शब्दाची साक्ष असते.

"म्हणजे तू सांगतंस, नक्की नाय."

"नक्की नाही. पण मी न्यायासनावर बसलो असतो तर मामाच्या बाजूने निर्णय दिला असता."

तिने बोटाने पाटावरची धूळ पुसली. "फिडल इकत घेतलां असतला. तां मी इचारूक नाय, तेंनी सांगूक नाय. गज गुरूचो. माका पुरे." मग उठता उठता म्हणाली, "पण तो कागद काड. देवळात जातला तां फिडल कोणाचां खोटां नाव पोटात घेवन जावचां नाय."

पुढच्या भेटीत मेस्तनी वाकड्या तारेला ओला कापूस लावून ती चिठ्ठी भिजवली आणि तुकड्या-तुकड्यांनी बाहेर काढली. ते तुकडे मी मागून घेतले. प्रमाणविचार शिकवताना मुलांना ते दाखवीत असे. मुले हसत, आणि मी त्यांना माझीच चूक सांगत असे.

गजाचे केस आणि तारा मिळण्यास मात्र फार थांबावे लागले. चांगले सामान मुंबईच्या दुकानातही गोव्यातूनच येई आणि सरहद्द बंद होती. मामीचे गुडघे जात चालले होते. दर महिन्याला ती विचारी आणि दर महिन्याला मी मेस्तांकडे जाऊन येई. गोवा मुक्त झाल्यावर पहिल्या संधीला ते स्वतः म्हापशास गेले आणि पांढऱ्याशुभ्र केसांची जुडी घेऊन आले. नवा आत्माही त्यांनीच कातून बसवला. मला त्या काडीला हात लावू दिला नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला मामीने फिडलाची शेवटची पूजा केली. अक्षता तिने पेटीवर वाहिल्या, फिडलावर नाही. तेलाची वाटी आणली नव्हती. देव्हाऱ्यासमोर धुपासाठी ठेवलेल्या राळेतला एक स्वच्छ खडा तिने हाती घेतला आणि मला विचारले, "ही चालात?" मेस्तांनी खास गजासाठीची राळ दिली होती; ती मी तिच्या पुढ्यात ठेवली. तिने ती गजाच्या केसांवरून, मुठीपासून टोकापर्यंत, देवाला गंध लावावे तशी सावकाश फिरवली.

कार्तिकात सप्ताहाच्या पहिल्या दिवशी पेटी देवळात पोचली. पुजाऱ्यांनी फिडलाच्या आतड्याच्या तातीकडे पाहिले, मग देवळातल्याच मृदंगाच्या चामड्याकडे पाहिले, आणि पेटी आत घेतली. वाजवायला भजनी मंडळातले एक शिक्षक होते. त्यांना अजून फारसे येत नव्हते. पहिला अभंग सुरू झाला, त्यांनी गज तारेवर ठेवला, आणि एक ओरखडल्यासारखा, बेसूर, पण खणखणीत स्वर देवळाच्या छतापर्यंत गेला.

दीर खांबापाशी उभा होता. मामी त्याच्याकडे वळून म्हणाली, "आयकलंस? बोलता तां."

मग ती डोळे मिटून बसली, आणि पुढचे सारे भजन तिने तसेच ऐकले.